वाचकांचे प्रश्न : सुगीनंतर धान्याचे काय होते?

गेल्या अंकातील विकसनशील देशांच्या अन्नटंचाईवरील लेखात असे म्हटले होते की, या देशांत अन्न कमी पिकते हे खरे असले, तरी पिकलेले अन्न वाळवण्याच्या, साठवण्याच्या आणि पोहोचवण्याच्या व्यवस्था तुटपुंज्या असणे हे टंचाईचे तितकेच मोठे कारण आहे. त्या विधानावर बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न निवडून, सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून, त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : लोकसंख्या वाढत असताना उत्पादन वाढवणे हाच खरा उपाय नाही का? गोदामे आणि रस्ते यांचा क्रम त्यानंतर लागतो, असे मला वाटते. (कृषी पदवीचे विद्यार्थी)

उत्तर : उत्पादन वाढवायला हवे, याबद्दल दुमत नाही. मात्र ते आधी आणि बाकीचे नंतर, हा आपण गृहीत धरलेला क्रम मला धोक्याचा वाटतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण इथिओपियाचे आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे सुधारित बियाणे आणि रासायनिक खते लहान शेतकऱ्यांपर्यंत नेण्याची मोठी मोहीम राबवली गेली. पाऊसही अनुकूल होता, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला मक्याचे सलग भरघोस पीक आले. पण हा मका तुटीच्या भागांकडे नेण्याजोगे रस्ते नव्हते, तो काही महिने थांबवून ठेवण्याजोगी गोदामे नव्हती, आणि व्यापाऱ्यांकडे एवढा माल विकत घेऊन ठेवण्याइतके भांडवलही नव्हते. भाव इतके कोसळले की, काही ठिकाणी काढणीचा खर्चसुद्धा निघेना आणि पीक शेतातच राहिले. उधारीवर खत घेतलेले शेतकरी अडचणीत आले, आणि साहजिकच पुढच्या हंगामात त्यांनी खतावर आणि बियाण्यावर हात आखडता घेतला. त्यातच २००२ मध्ये पावसाने दगा दिला. परिणामी, जेथे दोन वर्षांपूर्वी मक्याला गिऱ्हाईक नव्हते, त्याच देशात २००३ मध्ये १ कोटी ३० लाखांच्या आसपास लोकांना अन्नसाहाय्य पुरवण्याची वेळ आली.

म्हणजेच वाहतूक आणि साठवण यांची जोड नसलेले वाढीव उत्पादन शेतकऱ्याला शिक्षा ठरते, आणि एकदा पोळलेला शेतकरी पुन्हा उत्पादन वाढवण्याच्या फंदात पडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, जगात पिकणाऱ्या अन्नापैकी, मूल्याच्या हिशेबाने, सुमारे १४ टक्के अन्न काढणीनंतर आणि किरकोळ दुकानात पोहोचण्याच्या आत नष्ट होते. दुकाने, उपाहारगृहे आणि घरे यांत वाया जाणारे अन्न याहून वेगळे आहे. या १४ टक्क्यांबरोबर ते पिकवायला लागलेले पाणी, खत आणि मजुरीही जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे नासाडी टाळणे हासुद्धा उत्पादन वाढवण्याचाच एक मार्ग आहे, हे आपल्याला पटेल.

प्रश्न : मर्यादित निधी असलेल्या देशाने तो आधी मोठी शीतगृहे आणि आधुनिक सायलो (धान्य साठवण्याची मोठी बंदिस्त कोठारे) बांधण्यावर खर्च करावा का? अशा प्रकल्पांची उद्घाटने बरीच होतात, परंतु त्यांतील काही पुढे रिकामी पडलेली दिसतात. (निवृत्त स्थापत्य अभियंता)

उत्तर : निधी मर्यादित असेल तर आधी हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे धान्यासाठी वेगळी आहेत आणि नाशवंत मालासाठी वेगळी, म्हणून दोन्हींचा स्वतंत्र विचार करतो.

धान्याचे भवितव्य मुख्यतः काढणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, शेतावर आणि शेतकऱ्याच्या घरात ठरते. काढणीच्या वेळी मक्याच्या दाण्यात पुष्कळदा २० टक्क्यांहून अधिक ओलावा असतो आणि सुरक्षित साठवणीसाठी तो १३ टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. जेथे वर्षातून दोनदा पावसाळा येतो, तेथे पहिल्या पिकाची काढणी दमट हवेत होते, जमिनीवर पसरलेले धान्य रात्रीच्या सरीने पुन्हा भिजते, आणि अशा अर्धवट वाळलेल्या दाण्यावर बुरशी धरून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. २००४ मध्ये केनियाच्या पूर्व भागात असा मका खाऊन ३१७ जणांना विषबाधा झाली आणि त्यांतील १२५ जण दगावले. नेहमीच्या शिजवण्याने हे विष नाहीसे होत नाही. थोड्या थोड्या प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात गेले, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ओला दाणा दूरच्या सायलोपर्यंत पोहोचेपर्यंत हे नुकसान होऊन गेलेले असते आणि सायलो कितीही अद्ययावत असला, तरी ते भरून काढू शकत नाही. म्हणून पहिला पैसा वाळवणीवर घालावा : जाड ताडपत्र्या, गावासाठी सिमेंटचे सामायिक खळे, गावोगाव नेता येणारी मळणी आणि वाळवणी यंत्रे, आणि ओलावा मोजण्याचे साधे उपकरण. या वस्तूंचे उद्घाटन कोणी करत नाही, पण अन्न आणि माणसे त्यांनीच वाचतात.

वाळवणीनंतर प्रश्न येतो किडीचा. मध्य अमेरिकेतला, मका पोखरणारा एक मोठा भुंगा १९७० च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात येऊन पोहोचला आणि तेथून आफ्रिकेच्या अनेक देशांत पसरला. पारंपरिक कणग्यांतील मक्याचा तो काही महिन्यांत भुगा करू लागला. अशा किडींवर स्वस्त आणि टिकाऊ उपाय उपलब्ध आहेत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी तीन थरांचे हवाबंद पोते तयार केले. त्यात आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते असते. तोंड घट्ट बांधले की आतल्या किडी श्वसन करून आतला प्राणवायू संपवतात, त्यांचे खाणे थांबते आणि त्या मरतात. कीटकनाशकाची गरज उरत नाही. होंडुरासमध्ये त्याच दशकात स्वित्झर्लंडच्या साहाय्याने सुरू झालेल्या आणि पुढे शेजारच्या देशांतही गेलेल्या कार्यक्रमाने गावातल्या पत्राकाम करणाऱ्या कारागिरांना धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवायला शिकवले. कोठ्या बनवणे हा कारागिरांचा धंदा झाला, आणि त्यामुळे त्या परदेशी मदतीवर अवलंबून न राहता बनत आणि दुरुस्त होत राहिल्या. कोणतीही सुविधा उभारताना ती दहा वर्षांनी कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो, तो अशा अनुभवांमुळेच.

घरच्या साठवणीचा आणखी एक लाभ नासाडीच्या आकड्यांत कधी दिसत नाही. साठवायची सोय नसलेला अल्पभूधारक शेतकरी किडीच्या भीतीने सुगीतच, भाव पडलेले असताना धान्य विकतो, आणि सहा-आठ महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने स्वतःच्या घरासाठी विकत घेतो. एकही दाणा वाया न जाता त्याचे वर्ष तोट्यात जाते. चांगल्या कोठीने त्याला थांबण्याची मुभा मिळते, आणि माझ्या दृष्टीने ही मुभा वाचलेल्या किलोंइतकीच मोलाची आहे.

आता नाशवंत माल. फळे आणि भाज्या तोडल्यानंतरही श्वसन करत असतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग सुमारे दोन ते तीन पट होतो. त्यामुळे उन्हात ढीग करून ठेवलेल्या मालाने पहिल्या काही तासांतच आपले बरेचसे आयुष्य गमावलेले असते, आणि पुढे त्याला शीतगृहात ठेवल्याने ते परत मिळत नाही. एकट्या शीतगृहाने म्हणूनच फारसे साधत नाही. तोडणी सकाळी लवकर करणे, सावलीत प्रतवारी करणे, गोणीत किंवा खोल टोपलीत दाबून भरण्याऐवजी एकावर एक रचता येणारे प्लास्टिकचे क्रेट वापरणे, हे सर्व त्याआधी यायला हवे. आणि शीतगृहातून निघालेला माल पुन्हा तापलेल्या उघड्या ट्रकमध्ये जाणार असेल, तर बाहेर काढताच त्यावर पाणी सुटते आणि तो अधिक वेगाने सडतो. शिवाय सर्व माल एका तापमानाला ठेवता येत नाही. टोमॅटो आणि केळी १२-१३ अंशांच्या खाली दीर्घकाळ ठेवल्यास थंडीनेच खराब होतात, तर पालेभाज्यांना शून्याच्या जवळपासची थंडी लागते. एकाच मोठ्या दालनाचे शीतगृह बांधणाऱ्या योजनेत ही साधी बाब लक्षात घेतलेली नसेल, तर ते शीतगृह कुठल्या तरी एकाच पिकासाठी उरते आणि त्या पिकाचा हंगाम संपला की रिकामे पडते. आपण पाहिलेल्या रिकाम्या इमारतींमागे हे एक कारण असू शकते; विजेचा बेभरवसा आणि डिझेलवर चालणाऱ्या जनित्राचा खर्च हे दुसरे.

याउलट नायजेरियात कोल्डहब्ज या संस्थेने बाजारांच्या आवारात सौरऊर्जेवर चालणाऱ्या लहान शीतखोल्या उभारल्या आहेत आणि तेथे विक्रेता दर क्रेटमागे, दर दिवसाला भाडे देतो. विक्रेत्याला भांडवल घालावे लागत नाही, न विकला गेलेला माल दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, आणि खोली चालू ठेवण्यात चालवणाऱ्याचा स्वार्थ असतो. मला आकारापेक्षा हा हिशेब महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : रस्ते झाले की वाहतूक आपोआप स्वस्त होते, असे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे? (वाहतूक व्यवसायातील वाचक)

उत्तर : काही अंशी खरे आहे. इथिओपियातील १५ गावांच्या एका दीर्घकालीन अभ्यासात असे आढळले की, बारमाही रस्ता मिळालेल्या कुटुंबांतील दारिद्र्याचे प्रमाण ६.९ टक्के-बिंदूंनी घटले. येथे बारमाही या शब्दावर भर आहे, कारण पावसाळ्यात बंद पडणारा रस्ता नेमका गरजेच्या वेळी नसतो. बऱ्याचदा संपूर्ण रस्ता डांबरी करण्यापेक्षा तीन-चार ओढ्यांवर मोऱ्या आणि फरशी पूल बांधणे, चढावर पक्का थर देणे आणि बाजूची गटारे मोकळी ठेवणे, एवढ्यानेही त्याच पैशात कितीतरी अधिक गावे बाजाराला जोडली जातात.

मात्र रस्ता बांधण्यासाठी कर्ज मिळते, राखण्यासाठी मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेच्या अंदाजानुसार, दुरुस्ती तीन वर्षे टाळल्यास तिचा खर्च सहापट होतो आणि पाच वर्षे टाळल्यास अठरापट. आफ्रिकेतील अनेक देशांनी इंधनावरील करातून स्वतंत्र रस्ता-निधी उभारला तो यासाठीच, आणि जेथे तो पैसा दुसरीकडे वळवला गेला नाही तेथे त्याचा उपयोगही झाला.

आपण या व्यवसायात आहात, म्हणून दुसरी बाजू आपल्याला अधिक जवळची वाटेल. जागतिक बँकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आफ्रिकेतील मालवाहतुकीच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, मध्य आणि पश्चिम आफ्रिकेत ट्रक चालवण्याचा खर्च इतर ठिकाणांच्या मानाने फार जास्त नसतानाही भाडे मात्र पुष्कळ जास्त आहे. याचे कारण म्हणजे संघटनांनी ठरवलेली पाळीपद्धत, ज्यात ज्याचा नंबर येईल त्यालाच माल मिळतो आणि स्पर्धाच उरत नाही. ट्रक महिन्याचे बरेच दिवस उभा राहतो आणि तो उभा राहण्याचा खर्च भाड्यात चढतो. अशा ठिकाणी रस्ता सुधारला, तर वाचलेला पैसा वाहतूकदारांच्या संघटनेकडे राहतो आणि शेतकऱ्याला भाव तोच मिळतो. रवांडाने १९९४ नंतर वाहतूक खुली केली, तेव्हा भाडी झपाट्याने उतरली. तेव्हा डांबराच्या जोडीने वाहतुकीचे नियमही बदलावे लागतात, आणि ते बदलणे राजकीयदृष्ट्या डांबरीकरणापेक्षा कितीतरी कठीण असते.

प्रश्न : शेतकरी आणि ग्राहक यांच्यामधील दलाल हटवले, तर दोघांचाही फायदा होणार नाही का? (गृहिणी)

उत्तर : आपली भावना मला समजते, परंतु मधला माणूस हटवला तरी त्याची कामे हटत नाहीत. विखुरलेला माल गोळा करणे, तोलणे, प्रतवारी करणे, रोख पैसा देणे, साठवणे, भाव पडण्याचा धोका पत्करणे आणि दूरच्या बाजारात गिऱ्हाईक शोधणे ही कामे कोणीतरी करायलाच हवीत. अनेक देशांत सरकारी मंडळांनी ती स्वतःकडे घेऊन पाहिली. काही वर्षांत मंडळे कर्जात बुडाली आणि शेतकऱ्यांचे पैसे महिनोन्‌महिने थकले. शेतकऱ्याची अडवणूक होते ती मुख्यतः दोन गोष्टींमुळे : त्याला दुसरीकडचा भाव माहीत नसतो, आणि माहीत असला तरी थांबण्याची ऐपत नसते. उपाय या दोन गोष्टींवर शोधायला हवा.

पहिल्या गोष्टीबद्दल केरळच्या मच्छीमारांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. १९९७ पासून पुढच्या काही वर्षांत तेथील किनाऱ्यावर मोबाइल सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचली. त्याआधी एका बंदरात मासे फेकून द्यावे लागत असताना, जवळच्याच दुसऱ्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतत असे. समुद्रातूनच भाव विचारून कोणत्या बंदरात जायचे ते ठरवता येऊ लागल्यावर ही नासाडी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाले. व्यापारी होते तिथेच होते, फक्त माहितीची मक्तेदारी संपली. अर्थात मच्छीमाराकडे होडी होती आणि तो बंदर बदलू शकत होता. ज्याच्या गावातून एकच वाट निघते आणि त्या वाटेवर एकच ट्रक येतो, त्याला भाव कळून फारसा उपयोग नसतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

दुसऱ्या गोष्टीवरचा उपाय म्हणजे गोदाम पावती. शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा गट मान्यताप्राप्त गोदामात माल ठेवतो. गोदामवाला त्याचे वजन आणि प्रत नोंदवून पावती देतो. ती तारण ठेवून बँक मालाच्या किमतीचा काही भाग कर्ज म्हणून देते, आणि भाव चढल्यावर माल विकून शेतकरी कर्ज फेडतो. टांझानियाने यासाठी २००५ मध्ये कायदा केला. ही पद्धत सारी विश्वासावर उभी असते : पावतीवर लिहिलेला माल गोदामात खरोखर आहे, तो लिहिलेल्या प्रतीचाच आहे, आणि नसल्यास भरपाई मिळेल, याची खात्री बँकेला हवी. म्हणून तपासणी, विमा आणि गोदामांचे परवाने रद्द करण्याची हिंमत असलेली नियामक संस्था यांशिवाय ती चालत नाही.

इथिओपियाने आधी सांगितलेल्या संकटातून धडा घेऊन २००८ मध्ये एलेनी गेब्रे-मेधिन या अर्थतज्ज्ञ महिलेच्या नेतृत्वाखाली शेतमालाच्या खरेदी-विक्रीचा संघटित बाजार (कमोडिटी एक्स्चेंज) स्थापन केला. ठरावीक प्रती, स्वतःची गोदामे आणि वेळेवर पैसे, ही त्याची बलस्थाने होती. मक्यासाठी स्थापन झालेला हा बाजार प्रत्यक्षात कॉफीचा बाजार ठरला, कारण कॉफीचा व्यवहार तेथूनच करण्याचे बंधन सरकारने घातले. आणि सर्व कॉफी प्रतीनुसार एकत्र केल्यामुळे ती कोणत्या शेतातली, हे सांगता येईना, तर चोखंदळ परदेशी ग्राहक नेमके त्यासाठीच अधिक पैसे मोजायला तयार होते. पुढे नियम सैल करावे लागले. प्रयोग फसला, असे मी म्हणणार नाही. एका वस्तूला शोभणारी व्यवस्था दुसरीवर लादता येत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

प्रश्न : मोठी धरणे आणि कालवे यांबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही. (शिक्षक)

उत्तर : थोडक्यात लिहितो. आफ्रिकेत लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे ६ टक्केच ओलिताखाली आहे, त्यामुळे सिंचनाची गरज वादातीत आहे. परंतु मालीमध्ये फ्रेंच वसाहतीच्या काळात, १९३२ साली, नायजर नदीवर सुरू झालेल्या योजनेचा आराखडा सुमारे १० लाख हेक्टरांचा होता आणि अनेक दशकांनंतरही त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच क्षेत्र ओलिताखाली आले. दुसरीकडे बांगलादेशाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लहान डिझेल इंजिनांच्या आयातीवरील निर्बंध उठवले, शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने उथळ कूपनलिका घेतल्या, आणि हिवाळी भाताच्या पिकाने देशाचे चित्र पालटले. भूजल मर्यादित आहे आणि तेथील काही भागांत त्यात आर्सेनिक आढळले, हे विसरता येत नाही. तरीही, जेथे पाणी उथळ आहे तेथे लहान पंपाला अडवणारे कर आणि नियम काढणे हा सर्वांत स्वस्त सिंचन प्रकल्प आहे, असे मला वाटते.

प्रश्न : टंचाईच्या काळात सरकारने निर्यात बंद करणे आणि साठे ताब्यात घेणे योग्य नाही का? मग सरकारी कोठारे कशासाठी असतात? (अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनी)

उत्तर : कोठारे असावीत, परंतु ती आणीबाणीपुरती असावीत आणि त्यांच्या साठ्याचा हिशेब उघड असावा. मलावीमध्ये २००१ साली राखीव मक्याचा जवळजवळ सर्व साठा विकला गेला. त्याच वर्षी मक्याचे पीक घटले होते, पण कंदपिकांचे उत्पादन भरपूर झाल्याचे अंदाज हाती असल्याने कोणी वेळेवर सावध झाले नाही, आणि ते अंदाज फुगवलेले होते. २००२ च्या सुरुवातीला तेथे माणसे भुकेने मेली. पीक-अंदाजाची विश्वासार्ह यंत्रणा हीसुद्धा रस्त्यांइतकीच पायाभूत सुविधा आहे, हे मला या घटनेने पटवले.

निर्यातबंदीचे तोटे दुहेरी असतात. २००७-०८ मध्ये एकेका तांदूळ निर्यातदार देशाने निर्यात रोखली आणि आयात करणाऱ्या देशांनी घाबरून मिळेल त्या भावाने खरेदी केली, तेव्हा जगात तांदळाची फारशी टंचाई नसतानाही त्याचे भाव काही महिन्यांत दुपटीहून अधिक वाढले. देशातही बंदी अचानक आली की, सुगीत खरेदी करून ठेवणारा व्यापारी पुढच्या वर्षी गोदाम बांधत नाही, बँक त्याला कर्ज देत नाही, आणि शेतकरी ते पीक कमी करतो. टांझानिया, मलावी आणि झांबिया यांनी मक्याच्या बाबतीत ही बंदी वारंवार घातली आणि उठवली. माझी सूचना अशी आहे की, साठा किती आहे हे सरकारने दर महिन्याला जाहीर करावे, कोणत्या भावाला खरेदी आणि कोणत्या भावाला विक्री सुरू होईल ते पेरणीपूर्वी सांगावे, आणि ते हंगामाच्या मध्ये बदलू नये. खाजगी साठा जप्त करण्याची धमकी मात्र टाळावी, कारण सुगीपासून पुढच्या सुगीपर्यंत देशाचे बहुतेक धान्य शेतकऱ्यांच्या घरांत आणि व्यापाऱ्यांच्या गोदामांतच असते, आणि सरकारी कोठारात त्याचा अगदी लहान भाग मावतो.